काचेवरचे शेजारी

काच भिंगाखाली ठेवण्याआधी ते ती खिडकीसमोर धरायचे, एक डोळा मिटायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "चोर मागनं बघू. आधी शेजारी बघू."

मिरजेच्या एका इस्पितळात ते तपासणीचे डॉक्टर होते. रोग्याच्या गाठीचा तुकडा आमच्या खोलीत यायचा. तो मेणात बसवायचा, त्याचे पातळ पापुद्रे कापायचे, काचेवर चढवून रंगवायचे, हे माझं काम. मी चांद्याकडची. नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीमागे एवढ्या लांब आलेली आणि सातवीतच शाळा सुटलेली. कुणाचा तुकडा हातून हरवला तर, या धास्तीनं मी प्रत्येक डबी तीनतीनदा मोजायचे. ते म्हणाले, "बाई, भ्या तुमी. भीत न्हाईत त्यांच्याच हातनं सांडतं." त्या एका वाक्याच्या आधारावर मी तिथं टिकले.

सर्जनांशी ते मोजकं बोलत, आमच्याशी मात्र आपल्या पलूसकडच्या बोलीत. एकदा त्यांनी मला भिंगातून बघायला लावलं. जांभळे पुंजके म्हणजे कॅन्सरच्या पेशी, डॉक्टरांच्या भाषेत चोर. भोवती गुलाबी धाग्यांचं रान, आणि त्यात चरख्याच्या चातीसारख्या लांबट पेशी, त्या शेजारी.

"ह्या आपल्याच," ते म्हणाले. "जखम झाली की धागं टाकून बुजवत्यात, काम झालं की गप बसत्यात. पण चोर शेजारी आला की ह्यांना वाटतं जखमच हाय. मग बुजवतच ऱ्हात्यात. गाठ दगडासारखी लागती ती बरीचशी ह्यांच्या धाग्यांनी. आणि त्याच धाग्यांच्या वाटंनं चोर पुढं सरकतो."

"त्यांना कळत नाही का हो?"

"कळंल कसं? त्या चांगलंच करायला बसल्यात."

दुष्काळ सरला त्या वर्षी त्यांची थोरली वहिनी आली. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलेलं. नवरा पलटणीत, शेत तिच्या एकटीच्या अंगावर. तिच्या स्तनात गाठ होती. सर्जननं कडेचा छोटासा तुकडा काढला होता. काचेवर चोर कुठंच नव्हता. ही बातमी गावात पोचली आणि घरच्यांनी पेढेही वाटून टाकले.

डॉक्टर मात्र ती काच सोडेनात. शेवटी त्यांनी वहिनीलाच स्टुलावर बसवून भिंगातून दाखवलं.

"लुगड्याच्या काठावाणी दिसतंय की," ती म्हणाली. "ह्यात वाईट काय हाय?"

"चोर न्हाई ह्यात. पण शेजारी जागं हायत, वहिनी."

"आवं, शेजारी जागं असल्यालं बरंच की भाऊजी."

ते हसले, पण लगेच गंभीर झाले. "आतला तुकडा काढू परत. ह्याच आठवड्यात."

"उसाला तोड आलीया. तोडकऱ्यांची टोळी दारात बसलीया. मी उभी न्हाई ऱ्हायले तर ती म्होरल्या रानात जाईल. दुष्काळानंतरचा पयला भरला ऊस, वाळवू व्हय?"

दुसरा कुणी डॉक्टर असता तर तिच्यावर ओरडला असता. पण हे उसातच वाढलेले. तोड चुकली म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. त्यांच्या लहानपणी तिनं याच उसाच्या जिवावर त्यांना शिकवलं होतं. तिच्या शब्दापुढे ते पुन्हा तेच पोर झाले. मला समोर दिसत होतं. आपल्या माणसाचं मन राखणारा माणूस कसा दिसतो, तुम्हीही पाहिलं असेल.

"बरं," ते म्हणाले. "ऊस जाऊ दे."

ऊस गेला. मग तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणाऱ्या खोडव्याला पाणी द्यायचं निघालं, मग पाहुण्यांत लग्न निघालं. ती आली तेव्हा गाठ छातीला चिकटली होती. दुसऱ्या तुकड्याची काच मीच रंगवली. गुलाबी धाग्यांच्या फटीफटीतून जांभळ्या पेशी एकामागे एक चालल्या होत्या, बांधावरून माणसं जावीत तशा. डॉक्टर भिंगावर वाकले. मग मान न उचलता म्हणाले, "बाई, कापलंय चांगलं तुमी."

वर्षाच्या आत ती गेली.

त्यानंतर त्यांना एक वेड लागलं. चोर नाही पण शेजारी जागे, अशी काच आली आणि बाई परत आली नाही, की सुटीच्या दिवशी ते एसटी धरायचे. थेट तिच्या दारात. मिरजेतल्याच एका तंबोरे करणाऱ्याकडे तर एकदा चालतच गेले आणि भोपळ्यांच्या ढिगाशेजारी बसले.

तो म्हणाला, "डॉक्टरसाब, लेकीची शादी होऊ द्या. मग आणतो तिच्या आईला."

"होऊ द्या की. मी बसतो तवर."

"शादी पुढल्या महिन्यात आहे, साब."

"बसतो की."

तो बिचारा चहा देऊन दमला आणि संध्याकाळी बायकोला घेऊनच निघाला. सहकारी हसायचे. मला हसू येत नसे. एकदा योगायोगानं मी त्यांच्याच एसटीत होते; शेजारची जागा रिकामी ठेवून ते तिच्यावर हात ठेवून बसले होते. कुणासाठी, ते मी कधी विचारलं नाही.

लांबच्या शिरवळच्या एका बाईकडे ते रात्रीची एसटी धरून दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा ते तिच्या ओट्यावर बसून राहिले आणि ती घरातून बाहेरच आली नाही. दुसऱ्या खेपेहून परतल्यावर, मिरजेच्या स्टँडवर उतरताना त्यांच्या छातीत कळ आली. इस्पितळ जवळ होतं, पण तिथवर ते पोचले नाहीत.

पुढल्या आठवड्यात आमच्या खोलीच्या दारात एक बाई उभी राहिली. पिशवीत लुगडं, तांब्या, भाकरी. शिरवळहून एकटीच आलेली.

"त्या डॉक्टरांस्नी सांगा, मी आले म्हणून. म्हाताऱ्या माणसाला तिसऱ्यांदा कशाला चकरा मारायला लावायच्या?"

मला खरं सांगणं जमलं नाही. खरं ऐकून ती माघारी फिरली असती तर? मी म्हटलं, "गावाला गेलेत. नवे डॉक्टर आहेत, ते बघतील. तुम्ही तुकडा देऊन जा."

"देते की," ती म्हणाली. स्टूल खिडकीपाशी ओढून बसली, पिशवी मांडीवर घेतली. "पर त्यांची गाठ घेऊनच जाईन. माझ्या वट्यावर ते दिवसभर बसून होते. मी बसते आता."