चिमूटभर साखर आणि वरसाव्याच्या म्हशी

सगळ्या टेस्ट ट्यूब लाल झाल्या. एखाद-दुसरी झाली असती तर समजण्यासारखं होतं. पण वरसाव्याच्या काशिनाथ पाटलांच्या तबेल्यातल्या झाडून सगळ्या म्हशींचं दूध लाल म्हणजे अतीच झालं.

आमची लॅब मीरा रोडला. दुधात भेसळ आहे का आणि जनावराला कासदाह, म्हणजे कासेचा संसर्ग, झालाय का हे आम्ही बघतो. त्यासाठी प्रत्येक म्हशीची बाटली वेगळी लागते. साखरेची टेस्ट साधी असते. दुधात केमिकल घालून ट्यूब उकळत्या पाण्यात धरायची. दुधाच्या स्वतःच्या साखरेने काही होत नाही, किराणा दुकानातली असेल तर लाल. पाणी घातलेलं दूध दाट भासावं म्हणून लोक साखर घालतात. पण या दुधात पाणी नव्हतंच. माझं डोकं चालेना.

आमच्या बॉस, उत्तनच्या ग्रेसी मॅडम, ट्यूब बघून म्हणाल्या, "या म्हशी काय उसाचा रस पितात?"

"फेल म्हणून रिपोर्ट देऊ?"

"आधी त्या पाटलाला फोन कर. बिचाऱ्याचं गिऱ्हाईक जाईल."

ते खरं होतं. सिल्व्हर पार्कमधला एक मिठाईवाला पाटलांचं सगळं दूध घ्यायचा. त्याला भेसळ नसल्याचा रिपोर्ट हवा होता, नाहीतर दूध बंद. आणि तबेला त्याच्यावरच चालला होता.

पाटील फोनवर असे भडकले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "म्हशीची शप्पथ, दुधान काय पन टाकलेला न्हाय! तुमच्याच चहाची साखर उडाली आसंल!"

मलाही राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या घेऊन मी स्वतःच वरसाव्याला गेले.

पाटलांनी माझ्यासमोर सड धुतले, पहिल्या धारा सोडून दिल्या, स्वच्छ बाटलीत दूध घेतलं. नाव ठेवायला जागा नाही. मग बाटली माझ्या हातात देता देता त्यांनी शर्टाच्या खिशातून चिमूटभर साखर काढली आणि आत सोडली.

"हे काय?"

"साखर."

"काका, तुम्ही शपथ घेतली होतीत!"

"भेसलीची घेतली. ही भेसल हाय का? कोरा दूध घराभायेर कसा देनार? नजर लागंल म्हशीला."

"मिठाईवाल्याच्या कॅनमध्येही टाकता?"

"टाकतो ना. तो मंग किलोनं टाकतो, त्याला कोन न्हाय इचारत!"

भल्यामोठ्या कॅनमध्ये चिमूट हरवून जाते. आमच्या इवल्याशा बाटलीत ती बरोबर सापडते. मी म्हटलं, टाकू नका. ते म्हणाले, मग बाटली न्हाय देनार.

शेवटी मीच तोडगा काढला. "साखर दुधाबरोबर गेली म्हणजे झालं ना? माझ्या हातावर द्या."

पाटलांनी आत बायकोला विचारलं. "चालंल, पन फेकाची न्हाय!" असं आतून उत्तर आलं. साखर पडलेली बाटली बाजूला ठेवून त्याच म्हशीचं दूध नव्या बाटलीत घेतलं. मग काय, एका हातात बाटली, दुसऱ्यावर साखर, ती तोंडात टाकायची आणि पुढच्या म्हशीकडे जायचं. लॅब कोट घालून इतका पोरकटपणा मी कधी केला नव्हता.

साखरेची टेस्ट क्लीन आली आणि मिठाईवाल्याचं दूध चालू राहिलं. फक्त चांदणी नावाच्या म्हशीचं दूध कासदाहाच्या टेस्टमध्ये चिकट झालं, म्हणजे कासेत संसर्ग होता. आदल्या दिवशी साखरेतच सगळं अडल्यामुळे ही टेस्ट राहून गेली होती. तिचं दूध वेगळं काढा आणि डॉक्टरला बोलवा, असं मी पाटलांना कळवलं.

"बगा! कोरा दूध दिला, लागली नजर!"

मी फ्रिजमधली चांदणीची आदल्या दिवशीची, साखर घातलेली बाटलीही तपासली. तीही चिकट. लगेच फोन केला. "काका, साखर होती तेव्हाही आजार होताच."

पाटलांचं उत्तर तयार होतं.

"मंग साखर कमी पडली."

त्यांनी डॉक्टरला बोलावलं, चांदणी बरीही झाली. आमचं काम रिपोर्ट देण्याचं. तो पटवून देण्याची फी आम्ही घेत नाही.