मेलेली बाई पुन्हा कशी आली

बदनापूरला मी शाळेत शिकवत होते तेव्हाची गोष्ट. जालन्याला भुताचा एक हिंदी सिनेमा लागला होता आणि शाळेतल्या बाया आठवडाभर त्याच्याशिवाय दुसरं बोलत नव्हत्या. शेवट मात्र कुणी सांगेना. रविवारी लेकरू नवऱ्याकडे ठेवून दुपारच्या खेळाला मी एकटीच निघाले, तर सासूबाई चपला घालून दारात उभ्या.

"आत्या, भुताचा आहे. घाबराल."

"बुद्धाची दीक्षा घेतल्यापासून मी भूतखेत मानत न्हाई. मला काय व्हतंय?"

खरंच काही झालं नाही. झालं ते मला.

पावसात अडकलेले चार प्रवासी डाक बंगल्यात बसून आपापली गोष्ट सांगतात, आणि त्या गोष्टी एकमेकींत गुंतत जातात, असा सिनेमा होता. पहिल्या गोष्टीत एका डॉक्टरची बायको विहिरीत बुडून मेली. दुसरी सुरू झाली, तर तीच बाई नवरी होऊन बोहल्यावर. मी अंग चोरून बसले होते.

"ही तर मघाशी मेल्ती!" सासूबाई चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या.

"हे आधीचं आहे, आत्या."

"आधीचं मंग नंतर कशाला दावून राह्यले?"

मागची बाई करवादली, "गप बसा की वो!" मी ओशाळून माफी मागितली. तिसऱ्या गोष्टीत डाक बंगल्याचा चौकीदारच त्या नवरीचा बाप निघाला. तेवढ्यात तीच मागची बाई माझ्या खांद्याला हात लावून विचारते, "बाई, ह्यो जित्ता हाय का मेलेला?" मी सांगत बसले. मान वळवून पुढे पाहिलं तर पडद्यावर कुणीतरी किंचाळून पडलं होतं. कोण, ते मला आजही माहीत नाही.

चौथी गोष्ट सुरू झाली. आता सगळे धागे जुळणार, म्हणून मी सरसावून बसले, तोच सासूबाई उठल्या.

"चल, गाडी चुकंल."

"आत्या, पाया पडते, थोडंच राहिलंय!"

"लेकरू घरी रडून राह्यलं असंल. ऊठ!"

मागच्या लोकांनी ओरडायला सुरुवात केली, म्हणून उठले. स्टेशनवर धापा टाकत पोचलो, तर गाडी लेट. आरामात शेवट बघून, चहा पिऊन आलो असतो, इतकी लेट. बाकड्यावर बसल्या बसल्या सासूबाईंनी विचारलं, "मंग मारलं कुणी तिला?" मी उठून गाडी येते का बघायला फलाटाच्या टोकाला गेले. तिथंच बसले असते तर रडूच फुटलं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत शेवट विचारला. एक बाई म्हणाली डॉक्टरनं मारलं, दुसरी म्हणाली डॉक्टर स्वतःच मेलेला होता. दोघी मधली सुट्टी संपेपर्यंत भांडल्या.

घरी आले तर ओट्यावर गल्लीतल्या बाया जमलेल्या, आणि सासूबाई सिनेमा सांगत होत्या. सरळ, पहिल्यापासून. भुताचा पत्ताच नव्हता. नवऱ्यानं बायकोला विहिरीत ढकललं, तिच्या बापानं पोलीस आणले, नवऱ्याला फाशी झाली. बाया माना डोलवत होत्या.

"असंच व्हतं का वो बाई?" एकीनं मला विचारलं.

"बराबर असंच," मी म्हणाले आणि आत जाऊन चुलीपुढे आदळआपट करत भाकरी थापायला घेतल्या.