चाचांनी घेतलेलं मतदारांचं माप

आमच्या पंचक्रोशीत कोण कुणाला मत देणार हे दोघांनाच आधी कळतं. एक वरचा आणि दुसरे आमच्या हायस्कूलच्या फाटकासमोर शिलाई मशीन टाकून बसलेले चाचा. त्यातही वरचा निकाल लागेपर्यंत गप्प बसतो. चाचांना ते जमत नसे. तासगावच्या पूर्वेला, द्राक्षबागा विरळ होत होत जिथं नुसता माळ उरतो, तिथल्या त्या शाळेत मी पंचवीस वर्षं गणित शिकवलं. पण बेरीज-वजाबाकीचा खरा उपयोग कशाला करायचा हे मला चाचांच्या दुकानाच्या पायरीवरच समजलं. गाव, मळा आणि आसपासच्या तीन वाड्या एवढ्यांची मुलं आमच्या शाळेत येत, आणि त्या सगळ्यांचे गणवेश चाचा शिवत. त्यामुळे इलाख्यातलं प्रत्येक घर त्यांना छाती-कंबर-उंचीसकट पाठ होतं.

मतं ओळखायची त्यांची रीत साधी होती. गिऱ्हाइकाच्या छातीभोवती टेप धरायची, ऊसपाण्याच्या गप्पा काढायच्या आणि मध्येच सहज विचारायचं, "काय मग, औंदा कुणाचं वारं हाय?" माणूस उत्तर देताना छाती फुगली की तो खोटं बोलतोय आणि बसली की खरं, असा त्यांचा सिद्धांत. "जीभ कुठंबी वळती सर," ते मला सांगत, "पर बरगडी वळत न्हाई." एका सरपंचपदाच्या उमेदवाराने विजयाच्या मिरवणुकीसाठी त्यांच्याकडे जाकीट टाकलं होतं. निकालाच्या दिवशी तो पडला, आणि पडल्या तोंडाने जाकीट मागायला आला. चाचांनी कापडाची घडी जशीच्या तशी त्याच्या हातात ठेवली. "कापलंच न्हाई," ते म्हणाले, "उगा चांगलं कापड वाया गेलं असतं." माणसाला राग यावा असं हे बोलणं, पण चाचा ते इतक्या हळव्या आवाजात बोलले की तो बिचारा तिथंच बसून चहा पिऊन गेला.

दुसरी खोड त्या निळ्या खडूची. शिंप्यांचा तो चपटा खडू त्यांच्या बोटांत जन्मतःच असावा. बोलता बोलता ते समोर येईल त्या वस्तूवर रेघा ओढत. टेबलावर, बशीवर, दाराच्या चौकटीवर. एकदा माझ्याशी पावसाविषयी बोलताना त्यांनी माझ्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्यांवर कापायच्या खुणा करून ठेवल्या आणि मी दिवसभर तसाच वर्गावर वावरलो. दहावीच्या मुलांनी त्या दिवशी गणिताकडे जेवढं लक्ष दिलं तेवढं पुढे कधीच दिलं नाही.

आणि मग आमच्या शिक्षण संस्थेची निवडणूक आली. आजवर ही निवडणूक चहा-पोह्यांवर बिनविरोध व्हायची. या खेपेला मात्र शाळाच पणाला लागली होती. कपबशी चिन्हाच्या पॅनेलला शाळा सहा किलोमीटरवरच्या हमरस्त्याच्या फाट्यावर न्यायची होती; तिथल्या नव्या इमारतीचं रंगीत चित्र चौकात लागलं होतं, त्यात कारंजंसुद्धा होतं. छत्रीवाल्यांचं म्हणणं, शाळा आहे तिथंच राहू द्या. फाट्याजवळ ज्यांची शेतं होती त्यांना शाळेच्या मागोमाग बाजारपेठ येताना दिसत होती. वरच्या वाडीतल्या धनगर मंडळींना मात्र वेगळंच दिसत होतं. त्यांच्या पोरी आताच अर्धा तास माळ तुडवत शाळेला येत. फाट्यापर्यंत ना एस.टी., ना वडापची जीप. शाळा तिकडे गेली की त्या पोरींची शाळा सुटली, हे सांगायला गणिताच्या मास्तरची गरज नव्हती.

शाळा गेली की चाचांचं दुकानही गेलं. येणारा-जाणारा त्यांना हात करून सांगे, "चाचा, काळजी सोडा, आमचं मत छत्रीलाच!" चाचा हसून मान डोलवत आणि तो पुढे गेला की मला म्हणत, "कपबशी." मतदानाच्या चार दिवस आधी त्यांनी मला हिशेब सांगितला.

"गाव कपबशीला. मळा निम्मानिम्म. खालच्या दोन्ही वाड्या कपबशीला. छत्री तीस मतांनी पडती, सर."

"आणि वरची वाडी?"

"ती छत्रीचीच. पर माणसं हाईत कुठं? सभासद सगळे बापये, आन् बापये मेंढरं घिऊन कोकणात. म्हाताऱ्यांची धा-बारा मतं पडतील, बास." मग मशीनला तेल घालत ते म्हणाले, "शिरवळला लेकीकडं जातो. कारखान्यातली पोरं असत्यात तिथं. त्यांच्या पँटी आखूड करायला कुणी तरी लागंलच की." दुसऱ्याचं कापड कमी पडलं हे सांगावं तशा आवाजात ते हे बोलले.

मतदानाच्या दिवशी यादीवर खुणा करायला मी बसलो होतो. सगळं चाचांच्या बरहुकूम चाललं होतं. चाचा दुपारी मत देऊन घाम पुसत बाहेर आले. साडेचार वाजले तरी वरच्या वाडीचं पान जवळजवळ कोरंच. पाचला फाटक बंद. एवढ्यात माळावरून धुरळा उठला आणि एक टेम्पो येऊन फाटकाशी थांबला. त्यातून लाल पटक्यांची, खांद्यावर घोंगडी टाकलेली चाळीसेक माणसं उतरली. एकाच्या काखेत तर कालच जन्मलेलं कोकरू होतं. चाचा अनवाणीच धावले.

"आवं, तुमी? आन् मेंढरं?"

"मेंढरं बायकांपाशी," त्यांच्यातला एक जाणता म्हणाला. "त्यांनीच धाडलंय. म्हणाल्या, शिक्का मारल्याबिगर तळावर पाय ठेवायचा न्हाई. पोरगी आजीपाशी राहून आठवीला हाय माजी. शाळा फाट्यावर गेल्यावर तिनं काय मेंढरं वळायची?"

चाचा जागच्या जागी थांबले. "सर," ते माझ्या खिडकीशी येऊन पुटपुटले, "बायकांचं माप मी कवा घेतलंच न्हाई वो." आणि पुढच्याच क्षणी ते त्या चाळीस जणांना कोंबड्या डालायला हाकाव्या तसे हाकू लागले, "रांगेत या! फाटकाच्या आत या! ते कोकरू धरतो मी, आण हिकडं!"

दिवेलागणीला मोजणी झाली. छत्री नऊ मतांनी आली. एकच मत बाद ठरलं. त्या मतपत्रिकेवर शिक्का नव्हता. छत्रीवर निळ्या खडूने ठसठशीत फुली मारलेली होती. निवडणूक अधिकारी बाहेरगावचे; त्यांनी पत्रिका उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "हे काय आहे?" खोलीतले सगळे, कपबशीवालेसुद्धा, खिडकीतून समोरच्या दुकानाकडे बघून हसू लागले. अख्ख्या इलाख्याची मतं ओळखणाऱ्या माणसाला स्वतःचं मत तेवढं देता आलं नव्हतं.

मी बातमी सांगायला गेलो तेव्हा चाचा स्टुलावर बसले होते. कोकराला पोचवून आले होते, सदऱ्यावर त्याची लोकर चिकटली होती. "एकोणचाळीस मतांनी चुकलो सर," ते म्हणाले. हसत होते की रडत होते ते कळेना. "एवढं मोठं कापड आजवर चुकलं न्हवतं." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर चाचांनी निकाल सांगणं सोडलं. लोकसभा झाली, ग्रामपंचायत झाली. लोक पायरीवर येऊन खोदखोदून विचारत. ते एवढंच म्हणत, "घरात इचारा, घरात."

मी निवृत्त होऊन साताऱ्याला आलो. गेल्या जूनमध्ये पेन्शनच्या कागदासाठी शाळेत गेलो, तो नेमका शाळा उघडायचा दिवस. चाचांचं मशीन बंद होतं. ते दुकानाच्या दारात उभे होते, डोळ्यांवर हाताची सावली धरून माळाकडे बघत. वरच्या वाडीच्या पोरी नवे गणवेश घालून एकामागून एक उतरत होत्या आणि चाचांचे ओठ हलत होते. शेवटची पोरगी फाटकातून आत जाईपर्यंत ते तसेच उभे राहणार होते. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. हाक मारावी असं फार वाटलं. पण कुणी मोजत असताना मध्ये बोलू नये, हे मी आयुष्यभर वर्गाला सांगत आलो होतो.