देव नसलेल्या ठिकाणी जायचा बेत

मी बायकोला फिरवत नाही असं कुणी परका म्हणाला असता, तर त्याला मी संत तुकाराम नगरातल्या पाण्याच्या टाकीवरून खाली लोटलं असतं. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात आमची आळंदी झाली होती, जेजुरी झाली होती, अष्टविनायकांपैकी साडेसात झाले होते. अर्धा राहिला, कारण आम्ही पोचलो तेव्हा दार लागलं होतं आणि नुसता कळस पाहून परतावं लागलं. पण म्हणणारी खुद्द बायकोच निघाली.

तो गुरुवार होता. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. रविवारी सगळं जग लोळायचं तेव्हा आम्ही मशीनवर, आणि गुरुवारी जग कामाला जुंपलं की आम्ही अंथरुणात. मी असाच लोळत असताना ती भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहून म्हणाली, "अहो, मला एकदा देव नसलेल्या ठिकाणी जायचंय."

कॅलेंडर कंपनीत माल पुरवणाऱ्या एका दुकानदारानं दिलेलं. त्यावर मेळघाटचं राष्ट्रीय उद्यान होतं. एकामागे एक डोंगर, पायथ्यापासून माथ्यापर्यंत जंगल, आणि पुढे पायात पांढरे मोजे घातल्यासारखा एक गवा.

"उद्यान?" आतून आमच्या मातोश्री म्हणाल्या. "बागेत जायला विदर्भात कशाला? कारंजं बघायचं तर पुण्यात आहे की."

"बाग नाही हो आई, जंगल आहे. वाघ आहेत."

"मग तर मुळीच नको."

बायको नुसती कॅलेंडरकडे बघत राहिली. आठ वर्षांत तिनं माझ्याकडे स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट, हे माझ्यासारख्या दगडालाही कळलं. मी अंथरुणातूनच शब्द दिला, "नेतो. दोन दिवस, दोन रात्री. मध्ये एकही देव नाही."

शब्द दिला आणि घोटाळा केला. घोटाळा असा, की दुसऱ्या दिवशी तो बेत मी कंपनीत सांगितला.

एकट्यानं जायचं म्हणजे खर्च जास्त, बस ठरवली तर सगळ्यांनाच स्वस्त, असा हिशेब. माझे तीन दोस्त लगेच तयार झाले. अडचण एकच होती. मी जनरल शिफ्टला आणि ते तिघे तीन वेगवेगळ्या शिफ्टला. आठवड्याला पाळी बदलायची, पण तिघांचीही एकदमच, त्यामुळे कंपनीत चौघांची एकत्र गाठ पडणं म्हणजे ग्रहणात पौर्णिमा आणि अमावास्या एकदम येण्यासारखं. मग सहलीचा बेत आम्ही मशीनसारखाच चालवला. पहिल्या शिफ्टवाल्यानं दुसऱ्याला चार्ज द्यायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याला. आणि चार्ज देण्याचा आमच्याकडे एक धर्म होता. आधीच्यानं केलेलं काम मोडायचं नाही, तिथून पुढे चालू करायचं.

हा धर्म लोखंडाला ठीक आहे. सहलीला त्याच्याइतकं विषारी दुसरं काही नाही.

पहिल्या शिफ्टचा टर्नर म्हणाला, "वाटेत शेगाव लागतं राव. माझ्या आईला एकदा पायावर घालतो." चार्ज दिला. दुसऱ्या शिफ्टच्या स्टोअरकीपरनं ते मोडलं नाही, पुढे चालू केलं. शेगावला जायचं तर वेरूळ सोडायचं कसं? चार्ज पुढे गेला. तिसऱ्या शिफ्टला चाकणकडचा एक गडी होता, घरची शेती सांभाळून कंपनीत येणारा. तो म्हणाला, "आमची म्हातारी म्हनती, शिंगणापूर न्हाई केलं तर शनी मागं लागंल. आन् माहूरबी हायेच की तिकडं."

"तिकडं म्हणजे?" मी गेटवर विचारलं.

"तिकडंच. विदर्भाच्या अंगाला."

दोन आठवड्यांत बेत इतका वाढला की त्यात पैठण आलं, औंढा नागनाथ आला, आणि शेवटी तुळजापूरही वाटेत लागू लागलं. कुठल्या वाटेत, ते विचारायची सोय नव्हती. मला तर वाटतं आणखी एक आठवडा मिळाला असता तर काशी आणि रामेश्वर दोन्ही चाकण फाट्यावर आले असते. आमच्या मातोश्रींनी आधी वाघाच्या धाकानं नकार दिला होता. आता त्यांनी सगळ्यांच्या आधी पिशवी भरली.

अखेर एका गुरुवारी तिन्ही शिफ्टवाले आमच्या घरी जमले. स्टोअरकीपरनं सगळा कार्यक्रम म्हणून दाखवला. पहाटे काकडआरती, दुपारी महाप्रसाद, संध्याकाळी पालखी. बायको चहा घेऊन आली. ट्रे हातातच ठेवून तिनं विचारलं, "आणि जंगल?"

स्टोअरकीपरनं कार्यक्रमाचा कागद उलटून पाहिला.

"वहिनी, जंगल लागेलच की वाटेत," टर्नर म्हणाला. "दोन्ही बाजूंना झाडंच झाडं. खिडकीची जागा तुम्हाला दिली."

"व्हय, पुढची खिडकी," चाकणचा गडी म्हणाला.

मी चहात तोंड घातलं. वाटलं, आता ट्रे डोक्यात बसतो. पण तिनं कप वाटले, पदर खोचला आणि सरळ मातोश्रींसमोर जाऊन बसली.

"आई, गेल्या वर्षी तुमचे गुडघे धरले होते, तेव्हा तुळजापूरचं दर्शन कुणी घेतलं?"

"शेजारणीनं. माझ्या नावानं ओटी भरली तिनं."

"पावली का देवी?"

"न पावायला काय झालं? प्रसाद आला की घरी."

"मग या खेपेला आमच्या दोघांच्या नावानं तुम्ही सगळीकडे नारळ फोडा. प्रसाद आम्ही घरी खाऊ. देवाचं दर्शन दुसऱ्यानं घेतलेलं चालतं, आई. जंगल माझ्या नावानं कोण बघून येणार?"

मातोश्रींची पंचाईत झाली. हो म्हणावं तर सून सुटते, नाही म्हणावं तर गेल्या वर्षीची स्वतःची ओटी वाया जाते. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. जणू ही अक्कल तिला मीच शिकवली. माझी तेवढी पोच असती तर आणखी काय हवं होतं! शेवटी म्हणाल्या, "नारळ मोठे दे. लहान नारळ मी दुसऱ्याच्या नावानं फोडत नाही."

शेगावला आम्ही दोघं बसमधून उतरलो. वर नारळांचं पोतं, आत भजन, असा तो गाडा माहूरच्या दिशेनं निघून गेला. आम्ही एसटी बदलत, आपटत, धूळ खात परतवाडा गाठलं आणि तिथून घाट चढून जंगलातल्या विश्रामगृहात पोचलो. अंगावरची धूळ झटकली तर तिच्यातून एक छोटं गाव वसलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यावर बसली होती. समोर डोंगर, कॅलेंडरवर होते त्यापेक्षा जास्त. खालच्या गवतात एक गवा आला. आमच्या कंपनीतल्या सगळ्यात मोठ्या प्रेसला कातडी चढवून गवतात सोडली असती तर ती याच्यापुढे शेळी दिसली असती. हे मी शपथेवर सांगतो. तो तिच्याकडे बघत होता, ती त्याच्याकडे. मी हळूच दाराकडे सरकलो.

"पाहून झालं ना?" मी कुजबुजलो. "चल, आत जाऊ."

"बसा हो," ती म्हणाली. "इथं 'चला पुढे, चला पुढे' म्हणत कुणी ढकलतंय का मागून?"

मी बसलो. गव्यालाही कसलीच घाई नव्हती.