हजेरीपटावरचा कारभारी

कारभारी नावाच्या कामगारावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकतो. मलकापूरच्या आमच्या जिनिंगमध्ये तो कापूस ओढायच्या कामावर आणि मी हजेरी कारकून. मालकांनी कामगारांच्या म्हातारपणासाठी बचत योजना काढली. महिन्याला दोनशे तुम्ही टाका, दोनशे मालक टाकतील. सक्ती नव्हती, आधार कार्ड तेवढं द्यायचं. बाकी सगळ्यांनी दिलं. छप्पन्न वर्षांचा, कापसाच्या धुळीनं खोकणारा हा बाबा मात्र तीन महिने 'उद्या आनतो' म्हणत होता.

वर दर पगाराला विचारायचा, "बाबूजी, घरी बसल्यावर भेटते का हो खरंच पैसे?"

एकदा मी सगळ्यांदेखत तडकलो, "दैव देतं अन् कर्म नेतं, ते हे असं! पैसे काय दारूत घालतोस?" तो कधीच पीत नव्हता. मला ठाऊक होतं, तरी बोललो.

दुपारच्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी आला आणि आधार कार्ड पुढं ठेवलं. फोटो त्याचा, नाव गुलाबराव.

"कारभारी माहा मोठा भाऊ होता, बाबूजी. तापानं वारला. दहाव्या दिवशी मुकादम घरी आला. म्हने, जागा जाईन, तू उद्यापासून ये, हजेरी भावाच्याच नावानं चालू दे. बावीस वर्सं झाली."

तो मुकादमही आता हयात नव्हता. मी म्हणालो, "मग आता खरं नाव लाव."

"मंग मी आजचा नवा गडी. बावीस वर्सं कोनाची? अन् मालक इचारंन, खोट्या नावानं काऊन राह्यला? हाये ते काम बी जाईन."

नाव न घेता मी मालकांना विचारून पाहिलं. "असा कोणी सापडला तर त्याच दिवशी बाहेर," म्हणाले. मी मान हलवून परत आलो. दुसरं काय करणार होतो?

महिनाअखेर योजनेसाठी सगळ्या कामगारांची यादी पाठवायची होती. जे योजनेत आले नाहीत त्यांच्यापुढे कारण लिहायचा रकाना होता. त्याच्यापुढे मी लिहिलं, 'स्वतःची इच्छा नाही'. इतकी इच्छा असलेला दुसरा माणूस त्या यादीत नव्हता.