बाबांची तार, माझा दोर

रुतलेल्या गाड्या ओढून काढणं हा आमचा धंदा. ट्रक बाबांचा, त्यावरची तार गुंडाळून गाडी ओढणारी विंच बाबांची आणि अक्कलही सगळी बाबांचीच, असं बाबांचं म्हणणं. मी नुसती चालवते. चाळिशी उलटली तरी गिऱ्हाइकासमोर ते मला "ए पोरी" म्हणूनच हाक मारतात.

घरी बसा म्हटलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. ट्रक निघायच्या आधीच आत जाऊन बसलेले असतात. आणि ओढाओढ सुरू झाली की नेमके ताणलेल्या तारेशेजारी उभे, तिच्यावर तळहात ठेवून. "कण्हायला लागली की थांबायचं," म्हणतात. पण पोलादी तार तुटली तर चाबकासारखी उलटते आणि मधे येईल ते कापत जाते. "मागे व्हा, मरायचंय का?" असं मी प्रत्येक बघ्यावर खेकसते. सगळे मागे होतात. बाबा होत नाहीत, आणि त्यांच्यावर खेकसायची माझी छाती नाही.

म्हणून मी दीडशहाणीने तार काढून सिंथेटिक दोर बसवायचं ठरवलं. खरं कारण सांगणं म्हणजे "तुम्ही म्हातारे झालात" असं तोंडावर म्हणणं. त्यापेक्षा मी आठवडाभर व्याख्यानं झोडली. दोर हलका, गंजत नाही, हातात कुसळं घुसत नाहीत, तुटला तरी जागच्या जागी पडतो.

"उन्हाने कुजतो," बाबा म्हणाले. "दगडाला घासला की संपला. आणि रंग बघ, केशरी! गाड्या ओढायच्यात की कपडे वाळत घालायचेत?"

सगळं खरं होतं. तरी मी दोर आणला, ड्रमवर गुंडाळला आणि दिवसभर विंचभोवती अशी मिरवले, जणू तो शोध मीच लावला होता. बाबा रात्री माझ्याकडे पाठ करून जेवले. सकाळी मात्र ट्रकमध्ये हजर.

पहिलंच काम बेकरीवाल्याच्या व्हॅनचं. वळणावर घसरून ती चिखलात रुतली होती. मी विंच सुरू केली. बाबांनी दोरावर हात ठेवला.

"मुकाच आहे हा. काही कळत नाही."

"मग हात काढा ना," मी म्हटलं, त्यांना ऐकू जाणार नाही इतपत.

व्हॅन अर्धी वर आली आणि फाटकन दोर तुटला.

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा व्हॅन पुन्हा चिखलात होती आणि बाबा उभे होते. दोराचं टोक त्यांच्या खांद्यावर ओल्या टॉवेलासारखं पडलं होतं. त्यांनी ते झटकून टाकलं.

"तुटला!" त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "सांगत होतो की नाही? पहिल्याच दिवशी तुटला!"

मी जाऊन रोलर चाचपला. त्यावरूनच दोर बाहेर येतो. इतक्या वर्षांत तारेने त्याला बोट कापेल असे चरे पाडले होते. दोर बसवताना रोलर बदलायचा असतो. दुकानदार ते सांगत होता, पण तेव्हा मी त्यालाच दोराचे फायदे समजावत होते.

बेकरीवाला हळूच जवळ आला. "ताई, याच्या जागी तार असती तर..."

"माहितीये," मी म्हटलं.

शेवटी दुसऱ्या ट्रकवाल्याला बोलवावं लागलं. त्याच्या विंचला तार होती, हे बाबांनी मला पुन्हा पुन्हा दाखवलं. ते तिकडे निघाले तसा मी त्यांचा दंड गच्च धरला आणि व्हॅन निघेपर्यंत सोडला नाही. लाजेने धरलाय, असं त्यांना वाटलं असावं.

परतताना बाबांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. हल्लीच्या वस्तू, हल्लीची माणसं, त्यातही मी. एरवी मी एकाला दोन ऐकवली असती. आज मात्र वाटत होतं, बोलत राहा, घर येईपर्यंत बोलत राहा. मग मला पुढचा रस्ताच दिसेना. ट्रक कडेला घेतला आणि ओक्साबोक्शी रडले.

बाबा गडबडले. जरा जास्तच बोललो, असं वाटलं असणार. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अगं, गप्प. एका दोरासाठी कोणी एवढं रडतं का?"