नागाक्कांचा चाफा

नागाक्का पूजेचं पाणी मोरीत ओतत नसत. सकाळी तळहातावरच्या इष्टलिंगाची पूजा झाली की वाटीतलं पाणी घेऊन त्या अंगणात येत आणि एखाद्या झाडाच्या बुडाशी घालत. त्यावर कुणाचा पाय पडायला नको. कळंबला आमच्या दोन घरांत कमरेएवढी भिंत होती, त्यामुळे माझी सकाळ त्यांच्या वाटीनेच उजाडायची.

त्यांची लेक कावेरी लग्नाआधीच तापाने गेली. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे तिला शेताच्या कडेला मूठमाती दिली आणि वर पांढरा चाफा लावला. पुढे रस्ता रुंद व्हायचा ठरला, ती कड त्यात गेली. झाड तुटण्याआधी अक्कांनी दोन फांद्या घरी आणल्या.

धाकटा मुलगा बसू वैतागला. "माय, मसणातलं झाड कुनी दारात लावतं व्हय?"

"मसणातलं न्हाय. माझ्या लेकीचं हाय," अक्का म्हणाल्या. त्यांच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मी तरी पाहिला नाही.

पहिली फांदी त्यांनी चीक गळत असतानाच मातीत खोचली आणि रोजचं पूजेचं पाणी तिलाच घातलं. चाफ्याला इतकी माया सोसत नाही. फांदी बुडापासून कुजली. त्या दिवशी अक्का जेवल्या नाहीत.

"दुसरी आधी सावलीत वाळू द्या," मी भिंतीवरून म्हटलं. "आणि लावल्यावर पान फुटेपर्यंत पाणी जवळजवळ नकोच."

अक्कांनी हातातली वाटी भिंतीवर ठेवली. मग म्हणाल्या, "बाई, तापात ती पानी पानी करीत व्हती. सासू म्हनली, तापात पानी देऊ नगं. म्या दिलं न्हाय. आता परत तसंच करू?"

माझे डोळे भरून आले, ते लपवायचं सुचलं नाही.

तरी त्यांनी ऐकलं, दुसरी फांदी वाळवून मग लावली. वाटी घेऊन येत, चाफ्याशी थबकत, "जरा दम धर, लेकरा," म्हणत आणि पाणी शेजारच्या शेवग्याला घालत. हे रोज बघणं फार अवघड होतं. उन्हाळा लागताना फांदीच्या टोकाला हिरवा कोंब आला. अक्कांनी तिला ओंजळभर पाणी घातलं आणि दुपारपर्यंत तिथेच बसून राहिल्या.

फुलं बघायला त्या राहिल्या नाहीत. पहिला बहर आला तेव्हा बसूने खाली पडलेली फुलं टोपलीत वेचली आणि मला म्हणाला, "चला बाई." अक्कांना जिथे माती दिली होती तिथे त्याने टोपली रिती केली. उकिडवा बसून मातीवर हात ठेवला.

"माय, ताई आलीया," तो म्हणाला. "पानी पिऊन आलीया."